रंगूनवाल्या काकांचा अर्ज

कर्ज झालेल्या माणसाने सावकाराचे तोंड चुकवावे ही जगाची रीत, आणि आमच्या शेजारच्या रंगूनवाल्या काकांइतकी ती राजरोस मोडणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी साताऱ्याहून नोकरीसाठी मद्रासला आलो, तिरुवल्लिकेणीत बिऱ्हाड केले आणि हा शेजार लाभला. काका तंजावरच्या मराठी घराण्यातले, पण जन्मले रंगूनला. तिथले भांड्यांचे दुकान बुडाले, कोर्टाने दिवाळखोर ठरवले आणि बायको वारल्यावर ते एकटेच बोटीने इकडे आले. ज्या देशाची भाषा आणि सोवळे त्यांनी जन्मभर सांभाळले, त्या देशाच्या कागदावर ते परदेशी होते. दर वर्षी कचेरीत जाऊन राहण्याच्या परवान्यावर पुढची तारीख घालून घ्यायची, नाहीतर परत जायचे.

त्यांचे काही सावकारही रंगूनहून मद्रासला आलेले. दर शनिवारी गंध लावून काका त्यांच्या दर्शनाला निघत. खिशात दमडी नसली तरी जात. दुकानाच्या पायरीशी हात जोडून "मी आहें, गावांतच आहें," एवढे सांगत आणि पुढच्या दुकानाकडे वळत. एकाने कंटाळून "मी विसरलो हो ते पैसे" म्हटले, तर काका रागावले. "तुम्ही विसरलेत तर विसरा. मी कसा विसरूं?" आमच्याकडून वाटीभर साखर नेली, की ती फिटेपर्यंत रोज सकाळी दारात हजर. माझी बायको म्हणे, "साखर परवडली, पण ही हजेरी आवरा!"

शेवटी त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज मी भरायला घेतला. कोर्टात कधी शिक्षा झाली का, यापुढे मी 'नाही' लिहिले. काकांनी टाक काढून घेतला आणि वेगळ्या कागदावर दिवाळखोरीची सगळी हकीकत, सावकारांच्या पत्त्यांसकट, लिहून जोडली. मी भडकलोच.

"काका, हे कुणी विचारलेलं नाही! उद्या बोटीत बसवून देतील."

"बसवूं देत. मी कर्ज केलों, चोरी नाहीं केलों. लपवून देश मिळाला, तर त्यांत झोंप कशी येईल?"

शिफारशीसाठी मी आमच्या साहेबांना गाठणार होतो. काका मला घेऊन थेट त्यांच्या सर्वांत मोठ्या सावकाराकडे, तांदळाच्या व्यापारी चेट्टियारांकडे गेले. म्हणे, त्यांच्याइतकी पारख कुणाला? शरमेने मी जमिनीकडे पाहत उभा. चेट्टियारांनी कागद दोनदा वाचला. "बुडालेले पुष्कळ पाहिले," ते मला म्हणाले, "बुडाल्यावर आपणहून तोंड दाखवणारा हा एकच." आणि सही केली.

अर्ज कित्येक महिने पडून राहिला. पोलीस चौकशीला येऊन गेला, काकांचे वजन उतरले. अखेर बोलावणे आले, मीही सोबत गेलो. शपथ त्यांनी अशा खणखणीत आवाजात घेतली की शेजारच्या खोलीतले कारकून डोकावले. अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिले, तरी काका उभेच.

"काय पाहिजे, पेरियवर?" तमिळ लोक वडीलधाऱ्याला म्हणतात तसे त्याने आदराने विचारले.

"पुढची तारीख?"

"तारीख नाही. झालं सगळं. आता घरी जा."

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली, आणि त्यांचे सगळे देणे काही फिटले नाही. पण त्या दिवशी ते माझ्याकडे वळले, तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. "ऐकलेत की? मज घरीं जा म्हणाले," असे म्हणून ते भर कचेरीत लहान मुलासारखे रडू लागले.