सायलेन्सरची सून

गाड्यांचे सायलेन्सर दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सगळा चौक 'सायलेन्सर'च म्हणायचा, आणि त्याच्याइतका बडबड्या माणूस त्या चौकात दुसरा नव्हता. खाली गॅरेज, वर दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जहाजावर नोकरीला. घरात उरले हा आणि सून. दोघांची गट्टी अशी, की नव्या माणसाला ती त्याची मुलगीच वाटे.

सुनेचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं आणि काचेच्या पेटीत थोडे दिवस झुंजून गेलं. त्यामुळे तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा सायलेन्सरने तिला जिवापाड जपायचं ठरवलं. मोकळी हवा मिळावी म्हणून मोटारीची एक जुनी सीट त्याने वरच्या गॅलरीत बसवून दिली, अगदी रस्त्याच्या तोंडावर. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो गॅलरीखाली आणून चालू करायचा आणि मान वर करून विचारायचा, आवाज कसा वाटतो. ती हात हलवून पसंती द्यायची. या खेळाचं दोघांनाही भारी कौतुक.

तपासणीच्या वेळी डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसभर बसता कुठे? हाच मोठ्या फुशारकीने सांगायला गेला. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. धूर त्याला कारण असू शकतो. पहिल्या वेळी तेच झालं, असं मात्र कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

घरी येताच सायलेन्सर म्हणाला, माझ्या बहिणीकडे जाऊन राहा. बहिणीचं घर गावाबाहेर, हमरस्त्यापासून लांब. सून ऐकेना. डॉक्टरबाईंनाच खात्री नाही, मग घर सोडायचं कशाला? शिवाय आपल्यामागे हा धड जेवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"धुराने झालं नसेलही," तो म्हणाला. "पण तुला वर बसवून खाली धूर मीच काढत होतो. आता ते माझ्याने होणार नाही."

"आणि तुम्ही एकटे काय करणार, बाबा?"

"मला करमणार नाही. तरी तू जा."

ती गेली. मग त्याच्या बडबडीने गिऱ्हाइकांचे कान किटले. यथावकाश दिवस भरून मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. लांब राहिल्यामुळे की नुसत्या नशिबाने, ते डॉक्टरबाईंना सांगता आलं नसतं, आणि त्यानेही विचारलं नाही.

मायलेकी जरा सावरल्यावर तो त्यांना न्यायला गेला. सुनेने सामान बांधून ठेवलं होतं. त्याने नातीला मांडीवर घेतलं. ती झोपली होती, श्वासागणिक तिच्या इवल्याशा नाकपुड्या हलत होत्या. तो बराच वेळ नुसता बघत राहिला, आणि बडबड्या माणसाला इतकं गप्प बघून सून घाबरलीच.

"इथे जवळपास भाड्याने घर मिळतं का बघ," तो शेवटी बहिणीला म्हणाला. "गॅरेज राहू दे तिकडेच. मी रोज जाऊन-येऊन करीन."