राखेखालच्या बाटल्या

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा पाठ आखडली होती आणि डोकंही तापलेलं होतं. कोल्हापूरपासून एवढा लांबचा प्रवास मी केला तो फक्त कुसुमताईसाठी. आम्ही दोघी एकाच कचेरीत नोकरीला होतो, निवृत्त झाल्यावर ती दर्यापूरला आपल्या घरी परतली. तिची नात पिहू टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती महादेवाला नवस बोलली होती. पोरगी बरी झाली की तळ्याकाठी स्वतःच्या हातानं रोडगे (कणकेचे पदर घालून वळलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गोळे) करीन आणि नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. पोरगी बरी झाली आणि मला फोन आला, "ताई, तुमाले यावंच लागते."

दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये मी खिडकीशी अंग चोरून बसले होते. दोन्हीकडे काळी माती, तूर, फुटलेली कपाशी. कुंपणाच्या काट्यांना प्लास्टिकच्या पांढऱ्या पिशव्या अडकलेल्या. कपाशी कुठली आणि पिशवी कुठली, लांबून कळेना. मी सारखी चुळबुळत होते, शेजारच्या बाईनं शेवटी विचारलंच, "बरं नाई काय तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताईचा मुलगा, पिहूचा बाप विनू आम्हाला गाडीनं अचलपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तळ्यावर घेऊन गेला. काठावर महादेवाचं छोटं देऊळ, बाजूला बाग. सातपुडा निळसर दिसत होता, पण माझं लक्ष तिकडे जाईना. घसरगुंडीखाली बिअरच्या बाटल्या, बाकाशेजारी चखण्याची पाकिटं, चुरगळलेले ग्लास. पिहूला घसरगुंडीवर जायचं होतं, मी तिचा हात सोडला नाही.

"लेकरांच्या जागेत बसून पितात मेले. लाज कशी वाटत नाही या लोकांना?" मी म्हणाले.

विनूनं गाडीतून गोवऱ्यांचं पोतं काढून खांद्यावर घेतलं. तो आम्हाला देवळामागच्या लिंबाखाली घेऊन गेला. "मावशी, अठीच (इथेच) चूल मांडू. ही जागा साफ हाये." खरंच साफ होती. जुन्या राखेचं एक आळं तेवढं होतं. मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

कुसुमताईनं त्या आळ्यातच गोवऱ्या रचल्या, निखारे पडल्यावर रोडगे पुरले आणि वांग्याची भाजी चिरायला घेतली. वास सुटला होता. इतक्यात फाट्कन आवाज झाला. निखारे उडाले, पिहू किंचाळून मला बिलगली. कोणाला लागलं नाही, पण रोडग्यांत काचेच्या बारीक कपच्या घुसल्या होत्या. काठीनं राख उकरली तर खालून बाटलीचं तोंड निघालं, मग दुसरं.

कुसुमताईनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. "विनू, तुले माईत होतं?"

"आमी दोस्त बसतो अठी," तो खाली बघत म्हणाला. "देवाची जागा म्हणून उघड्यावर नाई टाकत. झाकण लावून राखेखाली पुरून देतो."

"मंग बोल्ला कावून नाई?"

"मले वाटलं, त्या बाजूले पुरल्या होत्या."

माझ्या तोंडाशी आलेल्या सगळ्या शिव्या तिथंच अडकल्या. हाच मुलगा काल मला स्टँडवर घ्यायला आला होता, माझी पिशवी त्यानं उचलली होती.

कुसुमताई ओरडली नाही. सगळे रोडगे तिनं पोत्यात भरले आणि म्हणाली, "खण."

त्यानं देवळातलं फावडं आणलं. ऊन डोक्यावर आलं तरी तो खणत होता आणि बाटल्या निघून त्याच पोत्यात पडत होत्या. मग तो अचलपूरहून कणीक आणि गोवऱ्या घेऊन आला. कुसुमताईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी तांब्या पुढे केला, हात जोडले, शेवटी चिडलेसुद्धा.

"नवस मायाच हाये, ताई. तुमी प्या."

दुसरी चूल उघड्या खडकावर मांडली. ऊन कलताना पिहूच्या हातून नैवेद्य झाला. मला हुश्श वाटलं. कुसुमताईनं नातीच्या हातात तूप घातलेला रोडगा ठेवला. पोर तो तसाच धरून बसली.

"बाबा, याच्यात काच नाई ना?"

विनूनं रोडगा तिच्याकडून घेतला. तळहातावर कुस्करला, बोटांनी चाचपला, एक घास स्वतः चावून पाहिला आणि मगच तिला भरवला. दुसरा घासही तसाच. असा अख्खा रोडगा संपला. त्याचे डोळे गळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानंतर कुसुमताई पाणी प्यायली.

काचांचं पोतं आम्ही डिकीत टाकून आणलं.

आता कोल्हापुरात आहे. संध्याकाळी तळ्यावर फिरायला जाते, बाकाखाली बाटल्या दिसतात. ही घाण कोण करतं, याचं उत्तर माझ्याकडे इतकी वर्षं तयार असायचं: ते, दुसरे, मेले. आता तोंड उघडलं की विनू आठवतो, लेकीच्या आधी घास चावून बघणारा. शिवी देता येत नाही आणि गप्पही राहवत नाही. दोन फेऱ्या जास्तीच्या मारते आणि तशीच धुसफुसत घरी येते.