सर लेफ्ट झाले

सकाळी सहाच्या सुमाराला ग्रुपवर करड्या अक्षरातली एक ओळ दिसली: सर लेफ्ट. ना निरोप, ना कारण, ना साधे हात जोडलेले. चहाचं आधण आटून अर्ध्यावर आलं तरी मी आपली मोबाईल धरून उभी.

ग्रुप होता आमच्या भिंगारच्या मुलींच्या हॉकी टीमच्या चाहत्यांचा, आणि सर म्हणजे टीमचे पगारी कोच. माणूस देवळाली प्रवराकडचा. लष्करात नोकरी झाली, तिथंच हॉकी खेळला, रिटायर झाल्यावर क्लबनं त्यांना आणलं. चार वर्षांत त्यांनी आमच्या मुरमाच्या ग्राउंडवर धडपडणाऱ्या पोरींना राज्याच्या लीगमध्ये नेऊन उभं केलं. माझी मुलगी बारावीला, टीमची सेंटर हाफ. माझं बाजारात शिलाईचं दुकान आहे. जवानांच्या वर्दीवर फिती लावायच्या, पँटा आखूड करायच्या, हे माझं काम. टीमच्या जर्सीवरचे नंबरही मीच शिवते. लीगचे सामने महिन्यावर आलेले आणि कोच गायब, म्हणजे मांडव घातला नि नवरदेव उठून गेला.

रिटायर्ड सुभेदारकाका रोज खुर्ची घेऊन प्रॅक्टिस बघायला बसतात. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ग्राउंडवरची जागा विचारल्यासारखा, "लेफ्ट म्हणजे लेफ्ट हाफ का लेफ्ट इन?" कुणी हसलं नाही. ग्रुपचा ॲडमिन म्हणजे आमचा सायकलवाला. तो म्हणाला, चुकून बोट लागलं असेल, आणि त्यानं सरांना परत ॲड केलं. दोन मिनिटांत पुन्हा सर लेफ्ट. फोन लावला तर बंद. एकदा चुकून होतं, दोनदा चुकून कसं होईल?

संध्याकाळी ग्राउंडच्या तारेपाशी ही गर्दी. मॅचला येत नाहीत एवढी माणसं कोच गेला म्हणून आली. सायकलवाल्याचं म्हणणं, शिर्डीच्या कुणा हॉटेलवाल्यानं नवी टीम काढलीय, त्यानं सरांना पळवलं. सुभेदारकाकांना यात क्लबच्या कमिटीच्या राजकारणाचा वास येत होता. एकानं तर मागच्या सेमीफायनलचं उकरून काढलं. शेवटच्या मिनिटांत सरांनी पुढं एक पोर वाढावी म्हणून गोलकीपर बाहेर काढली होती, तेव्हाच मॅच विकली होती म्हणे. हाच गडी गेल्या वर्षी सरांना खांद्यावर घेऊन नाचला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता मी कुणाला हसू? माझा स्वभाव सगळ्यांपेक्षा संशयी. मी भाजी घेतली की घरी येऊन परत वजन करते. आमचे हे म्हणतात, तू शिवणकामात कशाला आलीस, पोलिसात पाहिजे होतीस. तारेपाशी उभी राहून मी सगळ्यांचं ऐकलं आणि मनात म्हटलं, हे नाही, तेही नाही, पाणी दुसरीकडंच कुठंतरी मुरतंय.

घरी आल्यावर मुरतंय कुठं ते दिसलं. अख्खं भिंगार सर का गेले म्हणून विचारत होतं, आणि ज्या मुलीनं चार वर्षं त्या माणसाच्या शिट्टीवर ऊठबस केली ती शांतपणे भाकरी मोडून खात होती. तिला आश्चर्यच वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सर गेले, कळलं ना?"

"हं."

"का गेले?"

"मला काय माहीत." हे ती ताटाकडं बघून म्हणाली.

मग मला एकेक आठवायला लागलं. दोन महिने पोरगी प्रॅक्टिसहून अर्धा तास उशिरा येत होती. एकदा मी जर्सी द्यायला ग्राउंडवर गेले होते. बाकीच्या पोरी निघून गेलेल्या, आणि ही नि सर पायऱ्यांवर बसलेले, मध्ये एक वही. मला बघताच सरांनी वही मिटली नि चटकन उठून उभे राहिले. सरळ मनाचा माणूस आईला बघून वही का मिटेल? तेव्हा मी गप्प बसले याचाच मला आता राग आला.

मी तिला समोर बसवून विचारलं, त्या वहीत काय होतं?

"सांगणार नाही. सरांनी कुणाला सांगू नको म्हटलंय. मी शब्द दिलाय."

कुठल्याही आईनं हे वाक्य ऐकावं आणि स्वस्थ बसून दाखवावं. मी आडवळण न घेता विचारलं, "त्यांनी तुला काही केलं का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आई, हे सुचलं कसं तुला?" आणि उठून आत गेली. माझ्या डोक्यानं लगेच टिपलं, की ही 'नाही' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर मी तिचा मोबाईल उघडला. सरांचा शेवटचा मेसेज होता. "झालं ते झालं. घरी कुनाला सांगू नको. ती वही फाडून टाक. लोकांना कळलं तर तोंड दाखवाया जागा राहनार न्हाई."

मी तो मेसेज यांना दाखवला. यांचाही चेहरा उतरला. पण म्हणाले, "आधी त्या माणसाला गाठून विचारू. तोवर बाहेर बोलू नकोस." हे लष्कराच्या सामानाच्या स्टोअरला नोकरीला, दोन सह्या झाल्याशिवाय खिळासुद्धा हलवायचा नाही ही यांची शिस्त. मी म्हटलं फोन बंद आहे, कुणाला विचारणार? हे म्हणाले, रविवारी त्यांच्या गावाला जाऊ. मला रविवारपर्यंत दम कुठला निघतोय.

त्या संध्याकाळी मी पुन्हा तारेपाशी गेले. तेच चऱ्हाट चालू होतं, शिर्डी, कमिटी, विकलेली मॅच. सायकलवाला हात उडवून सांगत होता की सरांसारखा माणूस उगाच जाणार नाही, आपलंच काहीतरी चुकलं असेल, आपण जाऊन त्यांना घेऊन येऊ. ते 'घेऊन येऊ' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणून गेले, "कशाला आणता? पोरींच्या आया जाग्या झाल्या म्हणून पळालाय तो."

एवढंच. दुसरं वाक्य मी बोलले नाही, बोलायची गरजही पडली नाही.

नंतर कुणी मला काही विचारलंही नाही, मान हलवत पांगले. तासाभरात ग्रुप पेटला. "मला पहिल्यापासूनच नजर बरोबर वाटत नव्हती," असं लिहिणाऱ्यांत तो खांद्यावर घेणारा पहिला. सरांबरोबर काढलेले फोटो लोकांनी पटापट काढून टाकले. दोन आयांनी मुलींना उद्यापासून पाठवणार नाही म्हणून कळवलं. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटत होतं. मी जागी होते, माझी नजर चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी ग्राउंडवरून लवकर आली. घरी न जाता सरळ दुकानात. हातात हॉकी स्टिक, चेहरा पांढराफटक. पिशवीतून तिनं वही काढली आणि माझ्या मशीनवर, सुईखालच्या कापडावर ठेवली. "फाडायची होती. फाडली नाही ते बरं झालं. वाच."

डाव्या पानांवर सरांचं अक्षर, उजव्या पानांवर तिचं, लाल पेनानं. डावीकडं मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तरं, उजवीकडं दुरुस्त्या आणि मार्क. दहापैकी चार. दहापैकी सहा. पुन्हा चार. हायड्रेशन म्हणजे काय याचं उत्तर सरांना इंग्रजीत सुचलं नव्हतं, त्यांनी सरळ लिहिलं होतं, "पोरींना येळेवर पानी पाजने." खाली माझ्या मुलीचा शेरा: "बरोबर आहे सर, पण इंग्लिशमध्ये लिहा." एका पानावर तिनं लिहिलं होतं, "अभ्यास केलेला नाही. पाच वेळा लिहा." त्या माणसानं ते उत्तर पाच वेळा लिहिलं होतं, शाळेतल्या पोरासारखं, खाली आकडे घालून.

लीगमध्ये कोच म्हणून बसायचं तर यंदापासून एक परीक्षा पास पाहिजे, असा वरून नियम आला होता. परीक्षा कम्प्युटरवर, सगळी इंग्रजीत. सर पहिल्यांदा नापास झाले तेव्हा त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, तुझं इंग्रजी चांगलं आहे, मला शिकवशील का. त्या रोजच्या अर्ध्या तासात तिनं त्यांची शिकवणी घेतली. दुसऱ्यांदाही नापास झाल्याचं कळलं आणि ते ग्रुपमधून लेफ्ट झाले.

"त्यांना लाज वाटत होती, आई. ते आम्हाला रोज सांगायचे, हरलात तर तोंड लपवायचं नाही. मग ते स्वतः कसं सांगणार?" ती रडत नव्हती. मला वाटतं ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. बरं, मी वळसा घालून गप्पही बसले नव्हते, वाटेत एका माणसाची अब्रू टाकून आले होते.

मी लगेच ग्रुपवर लिहिलं. सरांबद्दल मी बोलले ते साफ चुकीचं होतं, ते परीक्षेत नापास झाले म्हणून गेले, माझी मुलगी त्यांना इंग्रजी शिकवत होती, मी सगळ्यांसमोर माफी मागते. मला वाटलं, जसं पसरलं तसं आवरेल. पहिलं उत्तर सायकलवाल्याचं आलं. "ताई, तुमच्यावर कुणी दबाव आणला का?" मग दुसरं आलं. "घाबरू नका, सगळे पालक तुमच्या पाठीशी आहेत." सुभेदारकाकांनी तर घरी येऊन आवाज खाली करून विचारलं, कमिटीचा माणूस येऊन गेला का म्हणून. मी वही दाखवली. त्यांनी चाळली आणि म्हणाले, "वही काय, नंतर पण लिहिता येते." मला त्यांचा भयंकर संताप आला. त्यांच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणून संताप आणखी.

रविवारी आम्ही देवळालीला निघालो. मुलीला म्हटलं, चल तू पण, तुझं ऐकतील. ती म्हणाली, "मी त्यांच्या घरी गेले तर लोक काय म्हणतील?" आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. आम्ही दोघंच गेलो.

सर ओट्यावर बसले होते, मागं उसाचा फड. बिनशिट्टीचे, घरच्या बनियनवर मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. आम्हाला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं, चहा दिला, पण माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. मी हात जोडले. काय बोलले ते मला आता धड आठवत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, पोरीला इचारलंत ते बराबर केलंत. माजी पोरगी आस्ती तर मीबी इचारलं आस्तं. तिला सांगू नको म्हनलो ही माजीच चूक." मग म्हणाले, "पन मला इचारायचं हुतं. फोन बंद हुता, गाव तर बंद न्हवतं. येस्टी येती की हितवर."

मी मान खाली घातली.

"शेक्रेटरीचा फोन आल्ता," सर म्हणाले. "बायकोच्या फोनवर. परीक्षा न्हाई तर न्हाई, मदतनीस म्हनून या, बाकावर दुसऱ्याला बशिवतो म्हनले. मी व्हय म्हनलो हुतो. दुसऱ्या दिशी परत फोन आला, आता नका येऊ." ते उसाकडं बघत होते. "नापास झालो हे सांगायची लाज वाटत हुती. आता मीच गावभर सांगत फिरतो नापास झालो म्हनून. कुनी इस्वास ठिवत न्हाई."

निघताना त्यांनी एकच विचारलं, पोरगी खेळती का? मी हो म्हटलं.

ती खेळते. शहरातून नवीन कोच आलेत, परीक्षा पास झालेले. ज्या आयांनी मुली काढल्या होत्या त्यांनी परत पाठवल्या. सर आले नाहीत. कमिटीकडं मी तीनदा जाऊन आले, वही घेऊन. दरवेळी चहा पाजतात आणि विषय बदलतात.

घरात भांडण नाही, अबोला नाही. ती मला 'आई' म्हणते, ताट वाढलं की जेवते. फक्त आता मला काही विचारावंच लागत नाही. संध्याकाळी पाच वाजले की मोबाईलवर तिचा मेसेज येतो: ग्राउंडवर पोचले. सुटल्यावर दुसरा: निघाले, सोबत तिघी. प्रत्येक मेसेजबरोबर फोटो. मी कधी फोटो मागितला नव्हता. दुकानात हातातलं काम टाकून मी तो बघते, आणि खोटं कशाला बोलू, दोन बोटांनी मोठा करून मागं कोण उभं आहे तेही बघते. एवढं सगळं होऊनही हात जातोच.

परवाच्या फोटोत पोरींच्या मागं कुणीतरी पाठमोरं उभं होतं, अर्धवटच दिसत होतं. मी मोठा करून बघत होते, तेवढ्यात खाली तिचा मेसेज आला.

"मागं उभी आहे ती झाडणारी मावशी आहे."