पापणी लवली, तेवढ्यात

अमरावतीहून निघताना दादाच्या उशाशी मी सगळं नीट लावून ठेवलं. पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली, चष्मा. खुर्ची खिडकीशी. औषधाच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला टाचल्या आणि वहिनींना वाचून दाखवल्या. अकोल्याला माझ्या घरी मुलीच्या सासरची माणसं यायची होती, तेवढं उरकून मी परतणार होते. काही झालंच तर आपण त्याच्याजवळ असावं, एवढंच मला हवं होतं. "शनिवारी येते. तोवर नीट राहा," मी म्हटलं. छातीच्या दुखण्यानं त्याला सलग बोलवत नव्हतं. तरी तो बोलला, तेही आपल्या जुन्या, तंबूतल्या आवाजात, "शनिवारच्या आत कोनी मरते का वं?"

हा त्या तंबूचा नियम. मुक्या चित्रपटांच्या दिवसांत कापसाच्या बाजारामागच्या मैदानात तंबू लागे आणि दर शनिवारी संध्याकाळी परदेशी साहसपटाचा एकेक भाग दाखवत. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचणारे थोडे, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून पत्र्याच्या कर्ण्यातून गोष्ट सांगायला माणूस लागे. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. एरवी शाळेत मास्तर, शनिवारी हे. वडील वकील. "वकिलाच्या मुलानं भर बाजारात कर्णा घेऊन ओरडायचं!" असं म्हणून ते शनिवारी त्याच्याशी अबोला धरत. दादा मात्र मला बायकांच्या बाजूला, अगदी पुढच्या चटईवर बसवी.

भागाच्या शेवटी नायक हमखास मरणाच्या दारात. मोटार कड्यावरून खाली... आणि दिवे लागत. पुढच्या शनिवारी तेच दृश्य पुन्हा लागे, पण या खेपेला गडी मोटार कोसळायच्या आधीच उडी मारून बाजूला उभा, डोक्यावरची टोपीसुद्धा जागच्या जागी. तंबू खवळे. "ओ मास्तर, मांगच्या शनवारी तं हा आतच होता ना!" दादा शांतपणे कर्णा तोंडाला लावी. "होता. तुमची पापनी लवली, तेवढ्यात उतरला." त्यानंतरच्या शनिवारी पुढच्या रांगेतली काही मंडळी बोटांनी पापण्या ताणून बसली होती!

रिळांचे डबे अकोल्याचा खेळ आटोपला की रेल्वेनं आमच्याकडे येत. एकदा त्यात अदलाबदल झाली. खलनायक विहिरीत बुडून मरतो तो भाग आधी आला आणि त्याच्या आधीचा नंतर. बुडालेला माणूस पडद्यावर सिगारेट ओढत उभा राहिला. मग कर्णा गरजला, "मंडळी, हा त्याचा जुळा भाऊ!" त्या जुळ्या भावानं तासभर मनसोक्त दुष्टपणा केला. पुढच्या खेपेला बरोबर भाग आला आणि जुळा कुठेच दिसेना. "मास्तर, जुळा कुठी गेला?" "शेंदूरजनाघाटले गेला, संत्री तोडाले." तंबूचे खांब हलतील इतके लोक हसले. पुढे कित्येक वर्षं आमच्या राजापेठेत कुणी जागेवर नसलं, की तो शेंदूरजनाघाटलाच गेलेला असे.

मग बोलपट आले. चित्रं आपली आपण बोलू लागली. दादानं कर्णा घरी आणून पलंगावरच्या खुंटीला अडकवला, त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

तार आली ती बुधवारी. प्रकृती बिघडली, निघा, एवढंच. बडनेऱ्याला गाडी बदलताना मी मनात घोकत होते, अजून शनिवार झालेला नाही. अमरावतीला स्टेशनबाहेर टांगेवाल्याला म्हटलं, "राजापेठ. मास्तरांकडे." तो तंबूतला जुना प्रेक्षक, मला ओळखणारा. त्यानं चाबूक मांडीवर ठेवला. "मास्तर कसे आहेत? काही कळलं का?" मी विचारलं. तो बराच वेळ लगाम सारखा करत राहिला.

"बाई... मास्तर शेंदूरजनाघाटले गेले."

तो हसला नाही. मीही नाही. टांगा चालू लागला.

घरी पोचले तेव्हा स्मशानातून माणसं परतली होती. खोलीत शिरले, तर मागच्या खेपेचंच दृश्य पुन्हा लावलेलं. तांब्या, बाटली, चष्मा, खिडकीशी खुर्ची, भिंतीवर माझ्या अक्षरातला कागद. सगळं जागच्या जागी. फक्त तो त्यातून उतरला होता. वहिनी माझा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "इथंच बसले होते हो वन्सं. दूध उतू जाईल म्हणून मी उठले, तेवढ्यात..." मी खुंटीवरच्या कर्ण्याकडे पाहत राहिले.

तो कर्णा वहिनींनी मला दिला. आता अकोल्याच्या घरी मागच्या खोलीत असतो. खिडकीतून वारा आला की त्याच्यातून आवाज येतो, बोलण्याआधी कुणी श्वास घ्यावा तसा. खिडकी लावली की आवाज थांबेल, हे मला कळतं. लावत नाही. शनिवारी संध्याकाळी हातातली कामं बाजूला ठेवून समोर बसते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्याच्याकडे पाहते. पापणी लवू देत नाही.