जमादाराची मान

सन एकोणीसशे त्रेसष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मोताळ्याकडच्या एका पोलीस चौकीत शिपाई होतो. आमच्या जमादाराला कसलंही काम सांगा, तो आधी मान डावीकडं वळवून कट्कन वाजवायचा, मग उजवीकडं, आणि म्हणायचा, "चालते बे." बैल चोरीला गेला, चालते बे. तपासणीला साहेब येणार, चालते बे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या 'चालते'वर अख्खी चौकी चालत असते.

विहिरीत कोणी बुडालं की खाली उतरायचं काम त्याचंच. तसा पोहणारा तालुक्यात नव्हता. वर आला की डोकं पुसायचा, पंचांकडं कोरा चहा मागायचा आणि म्हणायचा, "पानी लय गार आहे तुमचं."

त्या उन्हाळ्यात त्यानं सात वर्षांची एक पोरगी वर काढली. चहा मागितला नाही.

मग मान वाजेनाशी झाली. चौकीतल्या रांजणातून पाणी घ्यायच्या आधी तो आत वाकून बघायचा. आत पाणीच असणार, दुसरं काय? तरी बघायचा, आणि न पिता तांब्या ठेवून द्यायचा. एकदा हजेरीला त्यानं माझं नाव घेतलं आणि स्वतःच 'हजर' म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही.

एके दिवशी त्यानं मला चौकीमागं बोलावलं. रजेचा अर्ज लिहून दे म्हणाला. मी कारण विचारलं.

"मान दुखते, लिही. खरं लिहिलं तं मले येडा ठरवतीन. पट्टा काढून घेतीन बे."

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माझं अक्षर वळणदार, कोणाला शंका असेल तर आजही लिहून दाखवीन. अर्ज झोकात लिहिला.

फौजदार साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, "मन दुखते, करिता एकवीस दिवसांची रजा मिळावी."

जमादाराचा मानेवरचा हात तिथंच राहिला. मी काना विसरलो होतो. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, पुढंही नाही. दौतीत शाई कमी होती, असंच म्हणत आलो. आज सांगतो, विसरलोच. एका उभ्या रेघेपायी या माणसाचा पट्टा जाणार, असंच वाटलं.

साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कधीपासून?"

मानेचं सगळं तो पाठ करून आला होता. पण तोंडून निघालं, "त्या पोरीपासून, साहेब."

साहेबांनी पेन उघडलं, 'म'पुढं एक काना ओढला आणि खाली सही केली.

"कागदावर मान दुखू द्या. तुम्ही घरी जा."

आता मान दुखते म्हटल्यावर सोंग वठवणं आलं. गळ्याला उपरणं गुंडाळून जमादार ताठ मानेनं एस.टी.कडं निघाला. बाजारात एकीनं तेल सांगितलं, दुसऱ्यानं बिब्बा. न्हाव्यानं तर धरून बसवलं आणि चोळायलाच लागला. गाडीत बसल्यावर तो खिडकीतून मला म्हणाला, "आता खरंच दुखून राह्यली बे." आणि हसला. किती दिवसांनी हसला.

त्या एकवीस दिवसांत विहिरीचं एक काम आलं. मी उतरलो. त्याबद्दल लिहीत नाही.

आपल्या गावाहून, साखरखेर्ड्याहून तो परत आला, तो भावाच्या मळ्यात राबून काळाकुट्ट होऊन आणि चौकीसाठी पोतंभर कांदे घेऊन. आल्या आल्या रांजणात तांब्या बुडवला, न बघता घटाघटा प्याला. मान डावीकडं वाजली, उजवीकडं वाजली. "चालते बे."

मग मी तांब्या घेतला.

"काऊन बे, रांजणात काय पाहून राह्यला?"

आपण वाकलो आहोत हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, काही नाही. तो हळूच म्हणाला, "दौतीत शाई आहे ना?"

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. रांजणही फुटला. पण ते विचारणं अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोरा कागद घेतला, माझ्या नावानं रजेचा अर्ज लिहिला, आणि या खेपेला काना जाणून सोडला.