थांबलेल्या लूमपाशी उभी राहणारी वनिता

यंत्रमागाच्या कारखान्यात आलेला माणूस चालत्या लूमकडे बघतो. वनिता माझ्याबरोबर आली की बंद लूमपाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "हा का थांबला?"

नारपोलीत माझ्या वरच्या खोलीत ती चार वर्षं भाड्याने राहिली. जवळच्याच दापोडे गावची पोर, बाप गोदामात हमाल. शास्त्रज्ञ वापरतात त्या अवाढव्य कॉम्प्युटरचे आराखडे करायची, बरंचसं घरूनच.

मी चौथी शिकले आणि जन्मभर कांड्या भरल्या. कांडी म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी. एकदा तिला सांगितलं, "शेठनी आठ लूम वाढवले, कांडीचं मशीन एकच ठेवलं. कांड्या पुरत नाहीत, लूम उभे, आणि शिव्या मला."

ती ताडकन म्हणाली, "काकी, आमच्याकडे हेच चाललंय!"

मग तिने समजावलं. पूर्वी पावसाच्या अंदाजाचं एकच लांबलचक गणित मशीनला दिलं की झालं. आता मधे एआय आलं. ते उत्तर वाचतं, त्यावरून शिकतं आणि पुढचं गणित कोणतं करायचं ते सांगतं. लहान लहान कामं, माहितीची सारखी ये-जा. माहिती वेळेवर पोचली नाही तर महागडं मशीन नुसतं उभं. तिच्या साहेबांना सगळा पैसा गणित करणाऱ्या वेगवान चिपवर घालायचा होता. वनिता म्हणत होती, चिप कमी घ्या, माहितीचं कोठार आणि रस्ता मोठा करा.

मी चहा घेऊन दारात होते तेव्हा साहेब कॉम्प्युटरवरून बोलत होते. "आराखड्यावर सही कर, नाहीतर बाजूला हो."

"सर, जुन्या मशीनवर आठवडाभर हे काम चालवू. कुठे थांबतं ते मी लिहिते. चुकले तर मीच जाते."

"नोकरी घालवशील," मी म्हटलं. "बापाच्या जोडीला गोण्या उचलनार हायस?"

"उचलीन. पण बंद पडनाऱ्या मशीनवर सही करनार न्हाय." चिडली की ती गावचं बोलायची.

आठवडाभर ती जेवतानाही स्क्रीनसमोरून हलली नाही. कागद भरत गेले. जुनं मशीन दिवसाचा बराच वेळ माहितीची वाट बघत उभं होतं. ते कागद बघून साहेबांनी आराखडा बदलला. शाबासकी दिली नाही, तिनेही ती मागितली नाही. नवं मशीन उभारायला ती पुण्याला गेली. किल्ली देताना ती रडली नाही, मीही नाही.

अजून फोन करते. बरी आहेस ना, असं कधी विचारत नाही.

"काकी, काय थांबलंय?"

"उजवा गुडघा."

"कशानं?"

कारण सांगितल्याशिवाय फोन ठेवत नाही.