सावलीत वाळवायची मुळी

मुळीबाबा कुणालाही औषध देण्याआधी त्याचा तुकडा स्वतः चावून बघत. समोरचा खोकून बेजार झालेला असला, तरी त्याला थांबावंच लागे. "आधी माझ्या तोंडात, मंग तुमच्या," म्हणत ते डोळे मिटून चावत बसायचे. पेठकडच्या त्या पाड्यावर त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे.

मी तेव्हा नाशिकला पीएच.डी. करत होते. वनस्पतीच्या अर्कात कोणते घटक आहेत, हे रेणूंच्या वजनावरून ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर आमच्या प्रयोगशाळेत नुकतंच आलं होतं आणि मी भलत्याच तोऱ्यात होते. बाबांनी डोंगर चढून मला खोकल्याची मुळी दाखवली. अर्धीच खणली, उरलेलीवर पायानं माती दाबली. "सावलीत वाळवा, ताई. सात दिस. घाई नाय करायची."

मी मान डोलावली आणि नाशिकला येऊन मुळ्या ओव्हनमध्ये एका दिवसात खडखडीत वाळवल्या. सरांना आलेख लवकर हवा होता. तो आला जवळजवळ सपाट.

पुन्हा पाड्यावर गेले तेव्हा पारावर बरीच माणसं होती. कुणीतरी विचारलं, "ताई, मशीन काय बोलली?"

"बाबांच्या मुळीत काहीच नाही म्हणते!" मी हसत म्हणाले. सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा.

वर्षभरानं माझ्या एका ज्युनियर मुलीनं त्याच डोंगरावरची मुळी सावलीत वाळवून तपासली. मी शोधत होते तो घटक आलेखात ठसठशीत उभा होता. ओव्हनच्या उष्णतेत मीच तो घालवला होता. प्रबंधातला आलेख मी मुकाट्यानं बदलला. पाड्यावर जायला मात्र कितीतरी महिने लावले. कामं होती, हे मी स्वतःलाच सांगत होते. खरं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

गेले तेव्हा बाबा ओट्यावर टोपली विणत होते. ती मुळी देणं त्यांनी बंदच केलं होतं. लोक मागत होते, हेच देत नव्हते. "तुम्ही शिकलेल्या. आत काय नाय म्हनल्यावर लोकांना कसा देऊ?"

रडत रडत मी माझी चूक सांगितली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली आणि चपला घातल्या. "मंग चला पारावर. तवा तिथंच बोलला व्हता, आता बी तिथंच सांगा. समद्यांना बोलावतो."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्या माणसांसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. "बाबा, एसटी चुकेल. रविवारी नक्की येते."

"या," ते म्हणाले.

तो रविवार मी टाळला. पुढचेही टाळले. मग एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "तीन रविवार लोकं पारावर बसवून ठेवली व्हती त्यांनी. ताई येनार हाय, म्हनायचे."